भिंतीतली गोचीड

गोष्ट १९६८ सालची. निपाणीत आमचे घर जुन्या पद्धतीचे होते. दोन हात रुंदीच्या मातीच्या भिंती, वर कौले, पुढे सोपा आणि सोप्याच्या एका कोपऱ्यात पोत्यावर कुत्र्याची जागा. मोत्या त्याचे नाव. तांबूस रंगाचा, उभ्या कानांचा, सांगण्यासारखी जात नसलेला. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. शाळेतून आल्यावर मोत्याच्या कानांतल्या गोचिडी काढणे हे घरातले माझे ठरलेले काम. एका करवंटीत रॉकेल घ्यायचे, कान उलटा करायचा आणि रक्त पिऊन एरंडीएवढ्या फुगलेल्या राखी गोचिडी एकेक ओढून त्यात टाकायच्या. ओढताना मोत्या कण्हायचा, पण चावला कधी नाही.

त्या उन्हाळ्यात गोचिडी हाताबाहेर गेल्या. कान भरले, बोटांच्या बेचक्या भरल्या, मानेखाली लहान लहान गोचिडींची रास दिसू लागली. वडिलांच्या ओळखीच्या एका वखारीत एक जुना हमाल होता. तो म्हणाला, "तंबाखूच्या काड्या उकळा आन् त्या पाण्यानं धुवा. एक ऱ्हायची न्हाई." निपाणीत तंबाखूला काय तोटा! वडिलांनी मोठ्या हंड्यात काड्या उकळल्या आणि निवलेल्या पाण्याने मोत्याला स्वतःच्या हातांनी धुतले. दिवसभर तो लाळ गाळत, थरथरत पडून राहिला. संध्याकाळी सावरला. गोचिडी मात्र खरोखरच गेल्या. आम्ही सगळे खूश. आठ-दहा दिवसांत कान पुन्हा भरले.

आजी चुलीपुढून म्हणाली, "आरं, त्या कुत्र्याच्या अंगावर कुठं ऱ्हात्यात? भिंतीत ऱ्हात्यात त्या. जेवायला तेवढ्या कुत्र्यावर येत्यात." आम्ही मुले हसलो.

पाऊस सुरू झाला आणि मोत्याने भाकरी सोडली. हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या पडल्या, मग डोळे पिवळे झाले, लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली. शेजारी म्हणाले कावीळ. कोणी नजर लागली म्हणाले. काविळीचा झाडपाला दिला. पाचव्या दिवशी तो गेला. वडील काही बोलले नाहीत, पण तंबाखूच्या पाण्याने आपण त्याला मारले हे त्यांच्या मनाने घेतले. त्यानंतर आमच्या घरात वडिलांच्या हयातीत कुत्रे आले नाही.

मोत्या कशाने गेला असावा, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले, तेही दूरच्या मद्रास शहरातल्या शिकारी कुत्र्यांची हकीकत वाचताना. त्या हकीकतीपर्यंत पोचायला माणसाला किती काळ लागला, आणि वाटेत कोणकोण भेटले, ते सांगण्यासाठी हा लेख.

*

गोचीड आपल्याला नवीन नाही. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मधल्या ज्ञानेश्वरीत ती आहे. नवव्या अध्यायात ज्ञानदेव गाईच्या कासेला चिकटलेल्या गोचिडीचा दाखला देतात: गोड दूध कातडीच्या एका पदरापलीकडे असते, तरी ही ते टाकून रक्तच पिते. ज्याने हे लिहिले त्याने गोठा जवळून पाहिला होता, यात शंका नाही. तिकडे रोमन लोकांनीही गोचीड अशीच निरखली होती. एरंडाची बी गोचिडीसारखी दिसते म्हणून त्यांनी एरंडाला गोचिडीचेच नाव दिले, आणि वनस्पतिशास्त्रात एरंडाचे 'रिसिनस' हे नाव आजही तेच आहे. मी करवंटीत टाकत असलेल्या एरंडीएवढ्या गोचिडी रोममधल्या पोरांनीही काढल्या असणार.

मराठीत गोचीड, पिसू, ऊ, लीख अशी प्रत्येकीला वेगळी नावे आहेत. आमच्या सीमाभागात कानडी शेजारीण गोचिडीला उण्णी म्हणते आणि पिसवेला चिगट. कुत्र्याच्या कातडीत शिरणाऱ्या, डोळ्यांनी न दिसणाऱ्या किड्यांनी जे होते ते लूत. नावे इतकी नेमकी आहेत म्हणजे लोकांचे लक्ष होते. उपायही होते. कडुनिंबाचा पाला, करंजाचे तेल, वेखंडाची पूड, सीताफळाच्या बियांची पूड, रॉकेल, राख आणि तंबाखूचे पाणी.

यांतल्या काहींत तथ्य आहे, काहींत धोका आहे, काहींत दोन्ही. करंज आणि कडुनिंब यांचा वास किड्यांना नकोसा होतो, पण चिकटलेली गोचीड त्याने सुटतेच असे नाही. सीताफळाच्या बियांनी उवा मरतात हे खरे, पण तीच पूड डोळ्यांत गेली तर डोळा जाण्याची वेळ येते. रॉकेलने कातडी भाजते. तंबाखूचे पाणी हा तर अडाण्यांचा उपाय म्हणता येणार नाही. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत मेंढ्यांना तंबाखू आणि गंधक उकळलेल्या पाण्यात बुडवून काढत. निपाणीचा हमाल आणि सातासमुद्रापलीकडचा मेंढपाळ एकाच निष्कर्षाला पोचले होते. मेंढीचे अंग मोठे आणि लोकर दाट. कुत्रे लहान, अंग चाटणारे, आणि तंबाखूतले निकोटिन कातडीतूनही शरीरात जाते. मोत्याची लाळ गळत होती, अंग थरथरत होते, ते त्या विषाने. तो त्यातून वाचला हे त्याचे नशीब.

या सगळ्या उपायांमागे एक समजूत होती. गोचीड म्हणजे त्रास, घाण, फार तर रक्त पिणारी उपटसुंभ पाहुणी. ती रोग आणते, हे सुशिक्षितांच्या जगात कोणाला पटत नव्हते.

*

ते पहिल्यांदा सिद्ध झाले ते गुरांच्या बाबतीत. अमेरिकेत दक्षिणेकडची, टेक्सासची गुरे उत्तरेकडे नेली की वाटेतली उत्तरेची गुरे तापाने मरत आणि दक्षिणेची स्वतः मात्र धडधाकट राहत. पशुपालक म्हणत, हे गोचिडींमुळे होते. विद्वान हसत. शेवटी थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न यांनी साधा प्रयोग केला. दक्षिणेच्या काही गुरांच्या अंगावरच्या गोचिडी हातांनी वेचून काढल्या आणि ती गुरे उत्तरेच्या गुरांमध्ये सोडली. काही झाले नाही. दुसऱ्या आवारात गोचिडींसकट गुरे सोडली. तिथे उत्तरेची गुरे आजारी पडली. त्यांच्या तांबड्या पेशींत बारीक जीव सापडले. रुमानियातल्या व्हिक्टर बाबेश यांनी तसलेच जीव १८८८ साली गुरांच्या रक्तात पाहिले होते. त्यांच्यावरूनच पुढे 'बाबेसिया' हे नाव पडले. स्मिथ आणि किलबोर्न यांचा अहवाल १८९३ साली निघाला. असला सूक्ष्म जीव एका प्राण्यातून दुसऱ्यात नेण्याचे काम चावणारा किडा करतो, याचा तो पहिला भक्कम पुरावा.

त्यानंतरची पाच वर्षे मोठी विलक्षण. १८९७च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग सुरू झाला होता आणि तो आमच्या बेळगाव-धारवाडपर्यंत पोचला होता. गावे ओस पडली, लोक रानात झोपड्या घालून राहिले. सरकारी माणसे घरे धूत होती, कौले उचकटत होती, बिछाने जाळत होती, आणि रोग कसा पसरतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. १८९८च्या जूनमध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत एक प्रयोग केला. प्लेगचा एक उंदीर त्याने बरणीत ठेवला. उंदरावर पिसवा पुरेशा नव्हत्या म्हणून त्याने एका मांजराच्या अंगावरच्या पिसवा आणून त्यावर सोडल्या. मग दुसरा निरोगी उंदीर असा ठेवला, की दोघांची अंगे एकमेकांना लागू नयेत, पण पिसवा उडी मारून जाऊ शकतील. निरोगी उंदीर काही दिवसांत प्लेगने मेला.

सिमाँचे म्हणणे तेव्हा बहुतेकांनी उडवून लावले. ते खरे ठरवले ते मुंबईने. परळच्या प्रयोगशाळेतले ग्लेन लिस्टन आणि १९०५पासून काम करणारे प्लेगचे संशोधन मंडळ यांनी प्लेगच्या घरांत गिनीपिगांचे पिंजरे ठेवले. जमिनीपासून दोन इंचांवरच्या पिंजऱ्यातले प्राणी प्लेगने मेले. दोन फुटांवर टांगलेल्या पिंजऱ्यातले वाचले, कारण पिसवेची उडी तेवढी जात नाही. सभोवती चिकट कागद लावलेला पिंजराही सुरक्षित राहिला.

कुत्र्यामांजरांवरची पिसू आणि उंदरांवरची पिसू वेगळ्या, आणि प्लेग पसरवण्यात कुत्र्याच्या पिसवेचा वाटा फार थोडा. पण परळच्या त्या पिंजऱ्यांनी एक गोष्ट शिकवली. पिसू उंदरावर होती तशीच ती जमिनीवर, फटीत, घरात होती. माणसे उंदराला हातही न लावता मरत होती, कारण मेलेला उंदीर सोडून पिसवा घरात पसरत. धोका प्राण्याच्या अंगावर जितका, तितकाच त्याच्या भोवतालच्या जागेत.

*

कुत्र्यांकडे लक्ष जायला वेळ लागला. पुण्यात १८८९ साली जनावरांच्या रोगांसाठी सरकारी प्रयोगशाळा निघाली आणि १८९३ साली ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली. मुंबईत परळला १८८६ साली पशुवैद्यकाचे महाविद्यालय सुरू झाले. पण सरकारला काळजी होती बैलांची आणि घोड्यांची. बैल शेती करतो, घोडा पलटणीत लागतो. कुत्र्यासाठी पैसा कोण खर्च करणार?

खर्च झाला तो साहेबाच्या शिकारीमुळे. इंग्रज अधिकाऱ्यांना कोल्ह्यामागे कुत्री सोडून घोडे फेकण्याचा छंद. विलायतेत त्यासाठी लोमडी असे, इथे आपला कोल्हा. या शिकारीसाठी आगबोटींतून जातिवंत कुत्र्यांचे कळप आणत. ही कुत्री इथे तापाने, पांढऱ्या पडलेल्या हिरड्यांनी, काविळीने मरत.

दक्षिण आफ्रिकेतही हेच दुखणे होते. तिथल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याला 'घातक कावीळ' असेच नाव दिले होते. आमच्या शेजाऱ्यांनी निपाणीत लावलेला शब्द तोच! केप वसाहतीतले कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स लाउन्सबरी यांनी १९०१ साली दाखवले, की ही कावीळ गोचिडीमुळे होते. एवढेच नाही, तर आजारी कुत्र्याचे रक्त प्यालेली मादी अंडी घालते, त्या अंड्यांतून निघालेल्या पुढच्या पिढीत रोग उतरतो आणि ती पिढी मोठी झाली की दुसऱ्या कुत्र्याला तो देते. आईचा रोग लेकीच्या दातांत.

हिंदुस्थानात ते काम मद्रासजवळच्या गिंडी इथल्या किंग इन्स्टिट्यूटमध्ये झाले. सॅम्युएल रिकर्ड ख्रिस्टोफर्स हे हिवतापावरचे मोठे संशोधक. त्यांनी १९०७ साली दाखवले, की आपल्याकडे कुत्र्यांच्या रक्तातला हा जीव तपकिरी गोचिडीच्या शरीरात वाढतो. कुत्र्यांच्या पांढऱ्या पेशींत राहणारा आणखी एक जीव हिंदुस्थानातच सापडला होता. त्याचाही माग त्यांनी त्याच गोचिडीत काढला. त्या दुसऱ्या जीवाची रीत चमत्कारिक आहे. गोचीड चावल्याने तो कुत्र्यात जात नाही. खाज सुटल्यावर कुत्रे दातांनी गोचीड ओढून गिळते, तेव्हा तो पोटात जातो. मोत्या हे रोज करायचा, आणि आम्ही म्हणायचो, बघा, स्वतःच स्वतःला साफ करतोय.

आणि १९१० साली वॉल्टर स्कॉट पॅटन यांनी मद्रास हंटच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात एक नवाच जीव पाहिला. आधीच्यापेक्षा पुष्कळ लहान. तो पुढे 'बाबेसिया गिब्सोनी' म्हणून ओळखला जाऊ लागला. पॅटन तिथे थांबले नाहीत. त्यांनी कोल्ह्यांचे रक्त तपासले. तोच जीव कोल्ह्यांतही निघाला. ज्याची शिकार करायला कुत्री आणली होती, त्याच्याच रक्तात त्यांचे मरण होते. १९३०च्या दशकात इथल्याच संशोधकांनी गोचीड हा त्यांच्यातला दुवा असल्याचे पक्के केले.

आपल्या गावठी कुत्र्यांत हा रोग पुष्कळदा दबून राहतो आणि अंगातली ताकद कमी झाली की उसळतो. विलायती कुत्र्याला तो फार लवकर आडवा करतो. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ज्या सडपातळ, आखूड केसांच्या कुत्र्यांना मान मिळवून दिला आणि पंचम जॉर्जपर्यंत नेले, तीही गोचिडीपासून सुटलेली नाहीत. पण त्यांच्या आखूड केसांत गोचीड लगेच दिसते. आमच्याकडचे धनगर संध्याकाळी मेंढरे बसली की कुत्र्याचे अंग चाचपताना मी पाहिले आहेत. पॅटनचे नाव त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. चाचपायचे मात्र त्यांना ठाऊक आहे.

मोत्याच्या पांढऱ्या हिरड्या, पिवळे डोळे आणि काळी लघवी यांचा अर्थ आता लागतो. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटत होत्या आणि त्यांचा रंग लघवीवाटे जात होता. रक्त तपासल्याशिवाय नाव घेता येत नाही, पण लक्षणे मद्रासच्या कुत्र्यांची आहेत. तंबाखूच्या पाण्याला महिना उलटून गेला होता. निकोटिनचे विष महिनाभर दबा धरून बसत नाही.

औषध तेव्हाही होते. केंब्रिजमध्ये नटॉल आणि हॅडवेन यांनी १९०९ सालीच ट्रायपॅन ब्लू नावाचा निळा रंग शिरेतून देऊन कुत्र्यांचा हा ताप बरा केला होता. कुत्रे वाचे, पण त्याचे अंग आतून निळे होई. मद्रासच्या बारीक जीवाला मात्र तो रंग जुमानत नसे. पुढे अधिक चांगली औषधे आली. पण १९६८ साली निपाणीतल्या एका गावठी कुत्र्याच्या रक्ताचा थेंब काचेवर घेऊन बघावा, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात येणार होते?

याच तपकिरी गोचिडीचा आणखी एक गुन्हा १९३५ साली अल्जीरियात उघडकीला आला. तिथल्या पाश्चर संस्थेत दोनातिएँ आणि लेस्तोकार या दोघांना गोचिडी लागलेल्या कुत्र्यांच्या पांढऱ्या पेशींत एक वेगळाच जंतू सापडला. त्याला आज 'एर्लिकिया कॅनिस' म्हणतात. त्याचा ताप येतो, उतरतो, कुत्रे बरे झालेसे वाटते आणि काही महिन्यांनी नाकातून रक्त येऊ लागते. १९६०च्या दशकाच्या अखेरीस व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैन्याची अनेक कुत्री या रोगाने गेली, तेव्हा कुठे जगाने त्याची दखल घेतली. पुन्हा तेच. साहेबाची शिकार, सैन्याचे युद्ध, यांत कुत्रे मेले की संशोधन होते. सोप्यातले कुत्रे मेले तर ती नजर असते.

*

आता आजीच्या भिंतीकडे येऊ.

तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा जेवते. अंड्यातून निघते तेव्हा तिला सहाच पाय असतात आणि ती मोहरीच्या दाण्याहून लहान असते. कुत्र्यावर चढते, काही दिवस रक्त पिते आणि खाली पडते. फटीत जाऊन कात टाकते, आता पाय आठ. पुन्हा कुत्रा शोधते, पिते, पडते, फटीत जाते, कात टाकते. तिसऱ्या वेळी ती पूर्ण वाढलेली असते. मादी पोटभर रक्त पिऊन एरंडीएवढी होते, खाली उतरते आणि भिंतीवर वर चढत जाऊन एखाद्या भेगेत, चौकटीमागे, तुळईच्या सांध्यात अंडी घालते. ती चार हजारांपर्यंत असू शकतात. मग मरते. कुत्रा नसेल तर वाढलेली गोचीड उपाशीपोटी वर्षभर किंवा त्याहून जास्त वाट पाहू शकते.

म्हणजे तिच्या आयुष्याचे बहुतेक दिवस कुत्र्याच्या अंगावर जातच नाहीत. आपल्याला दिसते ती तिची जेवणाची पंगत. घर दुसरीकडेच.

पिसवेचेही असेच. तिची अंडी कुत्र्याच्या अंगावरून जिथे तो झोपतो तिथे गळतात. अळ्या धुळीत वाढतात, कोश करतात, आणि कोशातली पिसू पावलांचा हादरा येईपर्यंत काही महिने आत बसून राहू शकते. गावाकडचे बंद घर दिवाळीला उघडावे आणि आत पाऊल टाकताच पिसवांनी पोटऱ्या फोडाव्यात, हा अनुभव कित्येकांना असेल. घरात कुत्रे नाही, माणूस नाही, मग पिसवा आल्या कुठून, असे आपण विचारतो. त्या आपलीच वाट पाहत होत्या. कुत्र्याने पिसू गिळली तर तिच्यातून पट्टकृमीही त्याच्या पोटात जातो. नुसते जंताचे औषध देऊन जंत परत का होतात, याचे उत्तर बऱ्याचदा या पिसवेत असते.

आजीला सहा पाय आणि आठ पाय ठाऊक नव्हते. पण तिने गोचीड भिंतीवर चढताना पाहिली होती, आणि ती तिने लक्षात ठेवली होती. टेक्सासच्या गुराख्यांनीही एवढेच केले होते.

*

विसाव्या शतकाने उपाय शोधले ते मात्र बरेचसे कुत्र्याच्या अंगावर ओतण्याचे. १९३९ साली स्वित्झर्लंडमध्ये पॉल म्युलर यांना डीडीटीची कीटकनाशक शक्ती कळली आणि १९४८ साली त्यांना नोबेल मिळाले. पाठोपाठ बीएचसी आले, आपल्याकडे गॅमेक्झेन म्हणून ओळखले गेलेले. त्या कुबट वासाची पांढरी पूड घरोघर ढेकणांवर, धान्यावर, कुत्र्यावर सारखीच भुरभुरली गेली. कुत्रे ती चाटत असे, आणि त्याच कुत्र्याच्या गळ्यात हात घालून पोरे झोपत. ही विषे चरबीत साठतात आणि लवकर जात नाहीत, हे कळेपर्यंत पिढी गेली. भारतात बीएचसीवर १९९७ साली बंदी आली. दरम्यान पिसवा आणि गोचिडींच्या कित्येक पिढ्या या पुडींना सरावून गेल्या होत्या.

१९६०च्या दशकात अमेरिकेत विषारी वाफ सोडणारे गळपट्टे निघाले. १९६९ साली इंग्लंडमध्ये अमिट्राझ तयार झाले, ते पाण्यात घालून धुण्याचे औषध आजही वापरात आहे. जपानमध्ये सातोशी ओमुरा यांना कावाना इथल्या गोल्फच्या मैदानाजवळच्या मातीत एक जंतू सापडला. त्यापासून अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी आयव्हरमेक्टिनपर्यंत मजल मारली. १९८१पासून ते जनावरांसाठी मिळू लागले आणि २०१५ साली दोघांना नोबेल मिळाले. १९९०च्या दशकात मानेवर थेंब सोडण्याची औषधे आली आणि २०१३-१४पासून महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोळी. कुत्र्याने गोळी खायची, गोचिडीने कुत्र्याचे रक्त प्यायचे आणि मरायचे.

ही मोठी सोय आहे, पण प्रत्येक औषधाला कोणीतरी बळी पडण्याजोगा असतो. कोली जातीच्या अनेक कुत्र्यांत मेंदूचे रक्षण करणारी एक व्यवस्था जन्मतःच लुळी असते, त्यांना आयव्हरमेक्टिनचा मोठा डोस प्राणघातक ठरतो. याचे आनुवंशिक कारण २००१ साली सापडले. कुत्र्यासाठीचे परमेथ्रिन मांजराला मारते. नव्या गोळ्यांनी काही कुत्र्यांना झटके येतात. आणि आमच्या भागात सर्रास दिसणारा प्रकार म्हणजे म्हशीसाठी आणलेल्या बाटलीतले औषध अंदाजाने कुत्र्याला टोचणे किंवा चोळणे. पाचशे किलोच्या जनावराचे माप पंधरा किलोच्या जनावराला लावताना अंदाज चुकला की तंबाखूच्या पाण्याचीच गोष्ट पुन्हा घडते. औषध कोणते आणि किती, हे जनावरांच्या डॉक्टरांनी कुत्र्याचे वजन करून सांगायचे असते.

आमच्या आसपासच्या डोंगरांत गोचिडीची धास्ती अलीकडे वेगळ्या कारणानेही आहे. १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला. तो माकडताप २०१५ साली गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ साली दोडामार्गात दिसला. त्या रोगाची गोचीड रानातली, पालापाचोळ्यातली. घरातल्या कुत्र्याची तपकिरी गोचीड ती नव्हे. दोन्हींची गल्लत करून कुत्र्याला घराबाहेर काढण्यात अर्थ नाही. मात्र तपकिरी गोचीडही क्वचित माणसाला चावते आणि ताप देते, तेव्हा ती बोटांनी चिरडू नये. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी आणि साबणाच्या पाण्यात टाकावी. काडी लावून जाळू नये.

*

माझे वडील १९८९ साली गेले. मद्रासच्या कुत्र्यांची हकीकत माझ्या वाचनात आली ती त्यानंतर पाच-सहा वर्षांनी. मोत्या बहुधा तुमच्या हातून गेला नाही, एवढे एक वाक्य त्यांना सांगायचे राहिले. तंबाखूचे पाणी चुकीचे होते, पण त्याला घेऊन गेला तो त्याच्या रक्तातला जीव, आणि तो त्याला दिला भिंतीतल्या गोचिडीने.

मोत्या गेल्यावर आजीने गडी बोलावून सोप्याच्या भिंतीतल्या सगळ्या भेगा शेणमातीने बुजवून घेतल्या, वर चुन्याचे दोन हात मारून घेतले आणि मोत्याचे पोते जाळले. "आता कुत्रं न्हाई, मग कशाला खर्च?" असे कोणीतरी म्हणाले. ती म्हणाली, "आपण हाय की घरात."

आता माझे घर सिमेंटचे आहे. फरशीच्या कडेला, दाराच्या चौकटीमागे आणि कुत्र्याच्या खोक्याच्या छपरात भेगा याही घरात आहेत. डॉक्टरांनी सांगितलेली गोळी मी वेळेवर देतो. दर आठवड्याला त्याचे अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकतो, भेगा बुजवतो, आणि संध्याकाळी त्याचे कान उलटून बघतो. तो कण्हत नाही, कारण बहुतेक दिवशी काढण्यासारखे काही सापडत नाही. कान बघून झाले की विजेरी घेऊन भिंतही बघतो.